पाच डॉलरचं गाणं: मैफल 'साधन' म्हणून कशी वाचायची?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, सेंट पीटर स्ट्रीटवर, 'प्रिझर्वेशन हॉल' नावाची एक छोटीशी जागा आहे. १९६१ पासून तिथे पारंपरिक जॅझ वाजतंय. फर्माइशीचे दर लिहिलेली तिथली पाटी फार प्रसिद्ध आहे. आकडे काळानुसार वाढत गेले, पण क्रम तोच राहिला: पारंपरिक गाणं १ डॉलर, इतर कुठलंही २ आणि 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन' ५ डॉलर. येणाऱ्या प्रत्येकाला तेच गाणं हवं आणि वाजवणारे त्याच गाण्याला कंटाळलेले!

माझा विषय संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचा इतिहास. आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं: 'या सादरीकरणात १९०० च्या सुमाराचं जॅझ जसंच्या तसं ऐकू येतं.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'हे तुला कोणी सांगितलं?' आधी राग आला. मग उत्तर शोधायला बसलो, आणि अख्खं प्रकरण बदललं.

आधी ऐकू काय येतं ते पाहू. ट्रम्पेट मूळ चाल धरून ठेवतं. क्लॅरिनेट तिच्या वरच्या अंगाने नक्षी भरतं, ट्रॉम्बोन खालून सूर ओढत आधार देतं. तिघं एकाच वेळी, समोर कागद न ठेवता वाजवतात. मागे पियानो, बँजो, बास आणि ड्रम. गाणं मूळचं कृष्णवर्णीय चर्चमधलं. दफनविधीहून परतताना ब्रास बँड अशी भजनं चढ्या लयीत वाजवत. पण जॅझ बँडचं हुकमी गाणं म्हणून ते जगभर गेलं ते लुई आर्मस्ट्राँगच्या १९३८ च्या रेकॉर्डनंतर. म्हणजे आपण ज्याला 'जुनं' म्हणतो, त्यातला निदान एक थर तरी तितका जुना नाही.

मग १९०० चं जॅझ कळणार कशावरून? रेकॉर्डवरून? पहिली जॅझ रेकॉर्ड १९१७ ची, न्यूयॉर्कमध्ये केलेली आणि तीही गोऱ्या वादकांच्या बँडची. किंग ऑलिव्हरच्या बँडचं ध्वनिमुद्रण व्हायला १९२३ उजाडलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, आवाज भोंग्यातून घेत. बास ड्रमचा दणका त्या यंत्राला झेपत नसे, म्हणून बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यावर ताल धरावा लागला. नुसती रेकॉर्ड ऐकणाऱ्याला वाटेल, त्या काळचे ड्रमर असंच वाजवत. शिवाय एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. आपल्याकडे 'वन्स मोअर' घेत रंगणारी नाट्यपदंही याच तीन मिनिटांत बसवली गेली, हे आठवा.

बरं, मग आठवणींवरून? १९३९ साली 'जॅझमेन' हे पुस्तक आलं. त्याच्या लेखकांनी बंक जॉन्सन या विस्मृतीत गेलेल्या ट्रम्पेटवादकाला शोधून काढलं. दात गेल्यामुळे त्याचं वाजवणं थांबलं होतं. सिडनी बेशे या प्रसिद्ध वादकाच्या दंतवैद्य भावाने त्याला कवळी करून दिली आणि १९४२ पासून त्याच्या रेकॉर्ड निघू लागल्या. बंक सांगायचा, माझा जन्म १८७९ चा, मी बडी बोल्डनबरोबर वाजवलंय. बोल्डन म्हणजे जॅझचा आद्य पुरुष मानला गेलेला वादक. त्याची एकही रेकॉर्ड उपलब्ध नाही. पुढे डोनाल्ड मार्क्विस यांनी जुन्या शहर-सूची, वर्तमानपत्रं आणि सरकारी नोंदी चाळून १९७८ मध्ये बोल्डनचं चरित्र लिहिलं. त्यात 'जॅझमेन'मधल्या बऱ्याच गोष्टी गळून पडल्या. बोल्डन केशकर्तनालय चालवायचा, ही त्यातलीच एक. बंकनेही आपलं वय दहाएक वर्षांनी वाढवलं असावं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात.

पण म्हणून बंकला खोटारडा म्हणून मोकळं व्हायचं का? इथेच मी दुसऱ्यांदा चुकणार होतो. जरा विचार करा, त्याच्याकडे आलेल्या गोऱ्या संग्राहकांना नेमकं काय हवं होतं? त्या काळचं, लिहून बसवलेलं, मोठ्या बँडचं स्विंग त्यांना नको होतं; त्याच्या आधीचं 'अस्सल' हवं होतं. त्यांच्यातल्या विल्यम रसेलने १९४४ मध्ये बंकचा बँड न्यू ऑर्लिन्समध्येच ध्वनिमुद्रित केला. त्यात क्लॅरिनेट वाजवणारा जॉर्ज लुईस गोदीत हमाली करून पोट भरत होता. अशा वादकाला 'जुनं' असण्यातूनच काम आणि मान मिळणार असेल, तर तो जुनंच वाजवणार. त्याचं वादन खरं, परंपराही खरी. पण त्यातलं काय पुढे आणायचं, हे मागणीनेही ठरवलं.

'परंपरेची निर्मिती' ही संकल्पना तुम्ही एरिक हॉब्सबॉमच्या नावाने पाठ केली असेल. ते पुस्तक १९८३ चं. पण हेच हॉब्सबॉम १९५० च्या दशकात 'फ्रान्सिस न्यूटन' या टोपणनावाने जॅझवर लिहीत होते, हे मला फार उशिरा कळलं.

तर साधनचिकित्सेचा मुद्दा एवढाच. प्रत्येक साधन आधी ते तयार झालं त्या काळाबद्दल बोलतं, मग ज्या काळाचा दावा करतं त्याबद्दल. रेकॉर्डला विचारा, यंत्राने काय गाळलं? आठवणीला विचारा, ऐकायला समोर कोण बसलं होतं? आणि मैफलीला विचारा, पैसे कोण देतंय आणि कशासाठी?

माझ्या मसुद्यात त्या वाक्याच्या जागी आता हे आहे: 'या सादरीकरणातून विसाव्या शतकाच्या मध्याला न्यू ऑर्लिन्सचे वादक आणि त्यांचे श्रोते भूतकाळाकडे कसे पाहत होते, ते कळतं.' दावा लहान झाला, पण आता त्याच्या पाठीशी पुरावा आहे. आणि त्या पुराव्यात ती दरांची पाटीही आहे, जी मी आधी गंमत म्हणून सोडून दिली होती.

तुमच्या आराखड्यात 'जसंच्या तसं', 'पूर्वापार', 'परंपरेने चालत आलेलं' हे शब्द कुठे आलेत ते शोधा. प्रत्येकाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि तोच प्रश्न विचारा: हे मला कोणी सांगितलं?