सरवा वेचणाऱ्या तिघी

झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचे सरवा वेचणाऱ्या स्त्रियांचे चित्र १८५७ साली पॅरिसच्या सलोँ प्रदर्शनात लागले आणि प्रतिष्ठित मंडळी अस्वस्थ झाली. चित्रात झेंडा नाही, बंड नाही. कापणी झालेल्या रानात तीन बाया आहेत. दोघी वाकून ओंब्या वेचताहेत, तिसरी अर्धवट वाकली आहे. पण १८४८ च्या क्रांतीला अजून दहा वर्षेही झाली नव्हती. पॉल द सँ-व्हिक्तोर या समीक्षकाला या तिघी दारिद्र्याच्या नियतिदेवता वाटल्या.

ही भीती अनाठायी नव्हती, असे माझे मत आहे. सरवा ही भीक नव्हती. फ्रान्समध्ये तो गरिबांचा जुना, कायद्याने मानलेला हक्क होता. परंतु हक्क कशाचा? मालकाचे पीक निघाल्यावर उरलेल्याचा. मिलेने नेमकी हीच व्यवस्था रंगविली आहे. मागे गंज्या, भरलेली गाडी, उजवीकडे घोड्यावरचा देखरेख करणारा. पुढे या तिघींच्या हाती मूठभर ओंब्या. या दोहोंमधले अंतर हाच चित्राचा खरा विषय आहे. माझी आई सुगी सरल्यावर दुसऱ्याच्या रानात सरवा वेचायला जाई. म्हणून मी सांगू शकतो, की डावीकडच्या बाईचा पाठीवर टेकलेला हात कल्पनेने सुचत नाही. तो पाहिलेला असावा लागतो. मिले शेतकऱ्याचा मुलगा होता.

दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, ज्यूल ब्रतोँ याने हाच विषय घेतला. सांज झाली आहे, राखणदार हाक देतो आहे आणि बाया पेंढ्या घेऊन ताठ मानेने परतताहेत. पाय अनवाणी, पण डौल राण्यांचा! हे चित्र तिसऱ्या नेपोलियनने घेतले. साहजिकच आहे. ज्या दारिद्र्याला डौल आहे त्याच्याबद्दल सत्तेला उत्तर द्यावे लागत नाही.

मिलेचे चित्र तेव्हा ३,००० फ्रँकला गेले. १८८९ च्या लिलावात त्याला ३,००,००० फ्रँक मिळाले. भाव चढला तो चित्राचा, वाकलेल्या पाठीचा नव्हे.

तेव्हा वास्तववाद म्हटला की आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. कष्टकरी बाईबरोबर तिला वाकविणारी व्यवस्थाही चित्रात आहे काय? ब्रतोँ येथे अडखळतो, मिले उतरतो. दुसरा प्रश्न : ती बाई स्वतः काही बोलते काय? येथे मिलेही थांबतो. त्याच्या तिघींचे चेहरे सावलीत आहेत. ही त्याची निंदा नव्हे. सहानुभूतीने पाहणाऱ्याची ती सीमा आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले, तेव्हा ही सीमा ओलांडली गेली. तेथे वाकलेली बाईच सांगते आहे, आणि घोड्यावरचा माणूस तिला खालून कसा दिसतो, हेही सांगते आहे. आपल्या लेखनाची तुलना करायची तर या कसोटीवर व्हावी. डौलाच्या कसोटीवर नव्हे.