झाडीपट्टी रंगभूमी : धान निघाले की नाटक

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इथला नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर मंडईसोबत सुरू होतो, तो होळीच्या आसपास संपतो. कंपन्यांचे मुख्य ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. गावचे मंडळ तिथे जाऊन नाटक पसंत करते, इसार देऊन तारीख बांधते. तिकिटे खपवायची मंडळानेच, त्यामुळे तोटा आला तर तोही गावाच्याच अंगावर. अवकाळी पाऊस आला की पुंजणे भिजतात आणि मंडपही रिकामा. मार दोन, घर एकच.

दंडारीतून वाढलेले हे नाटक रात्री उशिरा सुरू होते, पहाटेपर्यंत चालते. मधे लावणी नसली तर लोक ओरडतात. शंकरपट आणि नाटक यांची जोडी जुनी. २०१४ ला शर्यतबंदी आली तेव्हा ती तुटली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिल्यावर पुन्हा जुळली. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

नाटकाच्या दिवशी घरोघरी लेकी, जावई, सोयरे येतात. तिकिटापेक्षा पाहुणचारच महाग पडतो. पण पोरापोरींच्या सोयरिकीची बोलणीही त्याच ओसरीवर निघतात.