रेषेवरचा खेळाडू आणि इतिहासाची नोंद

क्रीडेतिहासाची साधने प्रामुख्याने तीन : गुणपत्रक, पारितोषिकांची यादी आणि वृत्तपत्रातील वृत्तांत. या तिन्ही साधनांचा एक समान दोष असा की, ज्याच्या हातून गुण नोंदला जातो त्याचेच नाव त्यांत टिकते. ज्याच्यामुळे तो गुण शक्य होतो, किंवा ज्याच्यामुळे प्रतिपक्षाला तो मिळत नाही, त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ही उणीव केवळ नोंद ठेवणाऱ्यांच्या आळसाची नसून तिचे मूळ खेळाच्या परिभाषेतही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा मुद्दा दोन उदाहरणांनी तपासावयाचा आहे. एक उदाहरण अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचे व दुसरे आपल्या कबड्डीचे.

अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा प्रारंभ ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेल्या रटगर्स व प्रिन्स्टन यांच्या सामन्यापासून मानला जातो. १८८० साली वॉल्टर कॅम्प याच्या पुढाकाराने संघाची संख्या अकरावर आली आणि चेंडू कोणत्या पक्षाकडे आहे हे निश्चित करणारी आरंभरेषा अस्तित्वात आली. ‘रेषेवरचा खेळाडू’ हा वर्ग खऱ्या अर्थाने या नियमातून जन्मला. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली. परंतु तो झेलण्याचा अधिकार रेषेच्या दोन टोकांवरील व रेषेमागील खेळाडूंपुरताच राहिला. मधल्या पाच जणांचे काम प्रतिपक्षाला अंगावर घेऊन सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करणे हे होय. नियमाच्या भाषेत त्यांची ओळख नकारात्मक आहे : ते झेलण्यास ‘अपात्र’ आहेत. ज्याच्या कार्याची व्याख्याच निषेधाने केली जाते, त्याची आकडेवारी कशी ठेवावयाची?

जॉन हिक्स याची कारकीर्द या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून तो १९७० मध्ये खेळू लागला. गुडघ्याच्या दुखापतीने १९७१ चा हंगाम वाया गेला. नंतर १९७२ व १९७३ हे दोन हंगाम त्याने गाजविले. त्याच काळात त्याने मोकळ्या करून दिलेल्या वाटेने धावणारा आर्ची ग्रिफिन पुढे १९७४ व १९७५ या दोन्ही वर्षी हाइझमन पारितोषिकाचा मानकरी ठरला. हा बहुमान दोनदा मिळविणारा तो एकमेव खेळाडू होय. हिक्सला १९७३ मध्ये रेषेवरील खेळाडूंसाठी असलेले आउटलंड पारितोषिक मिळाले. हाइझमनच्या मतदानात मात्र तो दुसरा आला, आणि पहिला मान जॉन कॅपेलेटी या धावपटूकडे गेला. आक्रमक रेषेच्या मध्यभागी खेळणाऱ्या कोणालाही हे पारितोषिक आजवर मिळालेले नाही. १९७४ च्या निवडीत न्यूयॉर्क जायंट्स संघाने हिक्सला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. परंतु त्याची व्यावसायिक कारकीर्द १९७७ पर्यंतच चालली. ग्रिफिन किती अंतर धावला, हे मोजून सांगता येते. हिक्सने त्यातले किती अंतर त्याला मिळवून दिले, हे कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

आता कबड्डीकडे वळू. बर्लिन येथील १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक घडविले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९६१ मध्ये आंतरविद्यापीठ स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ती पदकाचा खेळ म्हणून दाखल झाली. महाविद्यालयीन कबड्डीपटूची कारकीर्द हा विषय त्यामुळे साठाहून अधिक वर्षांचा आहे.

या खेळाची मराठी परिभाषा पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. ‘चढाई’ हा शब्द युद्धाच्या भाषेतून आला आहे. ‘संजीवनी’, ‘गामिनी’ व ‘अमर’ हे जुने प्रकारभेद बाद झालेल्या गड्याचे पुढे काय होते यावरून पडले. बचावातील गड्याचे नाव मात्र त्याच्या कृतीवरून न पडता जागेवरून पडते : डावा कोपरा, उजवा कोपरा, मध्यरक्षक. चढाई करणारा क्रियेने ओळखला जातो आणि बचाव करणारा स्थानाने. याहून लक्षणीय शब्द म्हणजे ‘रिकामी चढाई’. प्रतिपक्षाचा गडी गुण न घेता परतला, तर वस्तुतः ते सातही जणांच्या साखळीचे यश असते. पण भाषा ते चढाईचे अपयश म्हणून नोंदविते. बचावाच्या यशाला स्वतःचे नावच उरत नाही.

हे अपरिहार्य आहे काय? तसे म्हणता येत नाही. आट्यापाट्या या आपल्याच खेळात आडव्या पाट्या धरणारे गडी आणि त्या पाट्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी हाच खेळाचा कणा आहे, आणि खेळाचे नावही पाटीवरूनच पडले आहे. रेष राखणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवण्याची क्षमता मराठीत आहे; कबड्डीच्या नोंदीत ती वापरली गेली नाही, इतकेच.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून बचावपटूच्या पकडी वैयक्तिक नावे मोजल्या जाऊ लागल्या, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि मोजमापाची विषमता तेथेही लपत नाही. चढाईपटूने एका सामन्यात दहा गुण मिळविले तर तो ‘सुपर टेन’. बचावपटूने पाच मिळविले तर तो ‘हाय फाइव्ह’. प्रदीप नरवाल याने चढाईत १७०० हून अधिक गुण मिळविले. डावा कोपरा सांभाळणारा इराणी खेळाडू फझल अत्राचली याचे पकडीचे गुण ५०० च्या पुढे गेले. या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरेल. एका चढाईत अनेक गडी टिपता येतात व बोनसही मिळू शकतो. साधारण पकडीला मात्र एकच गुण, आणि तो बहुधा पकडीस आरंभ करणाऱ्याच्या नावे लागतो. कोपऱ्याने घोटा धरला, मध्यरक्षकाने अंग झोकून मध्यरेषेची वाट अडविली, तिसऱ्याने कंबर आवळली; नोंद मात्र एकाचीच. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरीत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो, या नियमाने रिकाम्या चढाईला काही मोल आले. तरी ते मोलही संघाच्या खाती जमा होते, साखळी राखणाऱ्या गड्याच्या नव्हे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तुमसरसारख्या गावाचा विचार करावा. भाताची मोठी बाजारपेठ, जवळच चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयीन शिक्षण, असा हा परिसर आहे. येथील विद्यार्थ्याची क्रीडा-कारकीर्द पदवीची तीन वर्षे आणि फार तर पदव्युत्तर दोन वर्षे एवढीच असते. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; त्यामुळे त्या चार-पाच वर्षांतून हाती येणारे प्रमाणपत्र हा त्याच्या उपजीविकेचा दस्तऐवज ठरू शकतो. त्यावर स्पर्धेचे नाव, वर्ष आणि संघाचा क्रमांक असतो. डावा कोपरा कोणी राखला, याला तेथे जागा नसते. चढाईपटूचे नाव निदान वृत्तपत्राच्या कात्रणात उरते. कोपऱ्यावरच्या गड्याचे नाव सहकाऱ्यांच्या आठवणीपलीकडे जात नाही, आणि ते सहकारी पांगले की तेही जाते.

यावर उपाय इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती आहे. मौखिक साक्षी गोळा करताना ‘कोण जिंकले’ असे न विचारता ‘कोण कोठे उभा होता’ असे विचारावे. साखळीत कोणाचा हात कोणाच्या हातात होता, इशारा कोण देई, कोणत्या पकडीला गावात काय म्हणत, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे सांगणाऱ्याच्या झाडीबोलीतच, प्रमाणभाषेत न बदलता, उतरून घ्यावीत. ज्या कृतीला परिभाषेने नाव दिले नाही, तिला मैदानावरच्या बोलीने दिलेले असणे अगदी संभवनीय आहे. ते नाव मिळाले, तर एक शब्द कोशात जाईल. त्याबरोबर तो शब्द आचरणाऱ्या गड्याचे नावही लिहून ठेवावे. कोशाला त्याची गरज नसली तरी इतिहासाला आहे.