कबरीवर पाटी नाही, तारीख मात्र आहे : फिल्मी संगीतातले लक्षात ठेवायचे दिवस

मुंबईत जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात मोहम्मद रफी यांची कबर शोधायला गेलात, तर नावाची पाटी सापडणार नाही. नव्या दफनासाठी जागा करायची म्हणून २०१० मध्ये तिथल्या अनेक जुन्या कबरींचं बांधकाम काढलं गेलं. रफीसाहेब, साहिर लुधियानवी, मधुबाला, सगळ्यांच्या कबरी त्यात गेल्या. चाहते आजही जयंतीला आणि बरसीला येतात आणि जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखतात.

मुंबईसारख्या शहरात कब्रस्तानाला जागा अपुरी, शिवाय कबर पक्की बांधू नये असं मानणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. त्यामुळे इथे कुणाला दोष द्यायचा नाही. पण दगड गेला की खूण म्हणून तारीखच उरते. ती तरी बरोबर असावी, म्हणून ही छोटी यादी.

१४ मार्च : पहिलं फिल्मी गाणं
१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. हा भारतातला पहिला बोलपट. अर्देशिर इराणी यांनी तो काढला आणि त्यात सात गाणी होती. हिंदी सिनेमातलं पहिलं गाणं वझीर मोहम्मद खान यांनी गायलं. पडद्यावर ते फकिराच्या भूमिकेत होते. या सिनेमाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्या गाण्यापासून सगळं सुरू झालं, ते ऐकायची सोय उरलेली नाही.

१४ आणि २३ एप्रिल : शमशाद बेगम
जन्म १४ एप्रिल १९१९, इन्तेकाल २३ एप्रिल २०१३, मुंबई. खणखणीत, मोकळा आवाज. २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. तारीख चुकली की काय होतं, ते यांच्याच बाबतीत दिसलं. २००४ मध्ये काही वृत्तपत्रांनी लिहिलं की शमशाद बेगम १९९८ मध्येच वारल्या. वारल्या होत्या त्या दुसऱ्या शमशाद बेगम, सायरा बानू यांच्या आजी. गायिका शमशाद बेगम त्या वेळी मुंबईत मुलीकडे हयात होत्या. नुसत्या नावावरून जिवंत बाईला मयत ठरवलं गेलं.

३१ जुलै : मोहम्मद रफी
जन्म २४ डिसेंबर १९२४, अमृतसर जिल्ह्यातलं कोटला सुलतान सिंह हे गाव. पुढे कुटुंब लाहोरला गेलं. १९४४ मध्ये ते मुंबईला आले. १९६७ मध्ये पद्मश्री मिळालं. ‘हम किसीसे कम नहीं’साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मराठी श्रोत्यांचं त्यांच्याशी वेगळं नातं आहे. संगीतकार श्रीकांत ठाकरे यांनी त्यांच्याकडून मराठी गाणी गाऊन घेतली आणि ती अजून घराघरात ऐकली जातात. ३१ जुलै १९८० ला, वयाच्या ५५ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी भर पावसात त्यांच्या जनाज्याला अफाट गर्दी लोटली.

२५ ऑक्टोबर : साहिर लुधियानवी
खरं नाव अब्दुल हयी. जन्म ८ मार्च १९२१, लुधियाना. ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘हम दोनों’ या सिनेमांत शब्द साहिरचे आणि आवाज रफींचा होता. रफी गेले आणि तीन महिने पुरे व्हायच्या आत, २५ ऑक्टोबर १९८० ला साहिरही गेले. गीतकाराला संगीतकाराइतकाच मान हवा, रेडिओवर त्याचंही नाव घेतलं जावं, असा त्यांचा आग्रह होता. आज निवेदक गीतकाराचं नाव घेतो, त्यामागे हा आग्रह आहे.

२४ आणि २५ डिसेंबर : लागोपाठचे दोन दिवस
रफींच्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी नौशाद अली यांचा जन्मदिवस येतो : २५ डिसेंबर १९१९, लखनौ. १९३७ मध्ये ते मुंबईत आले. सुरुवातीला दादरला फूटपाथवर रात्री काढल्या, असं ते स्वतः सांगत. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ने त्यांना संगीताचं पहिलं फिल्मफेअर दिलं. त्यातलं गाजलेलं भजन शकील बदायुनी यांनी लिहिलं, नौशाद यांनी चाल दिली आणि रफींनी गायलं. तिघेही मुसलमान. ते आजही देवळांत वाजतं. नौशाद यांना १९८१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ५ मे २००६ ला मुंबईत त्यांचा इन्तेकाल झाला.

गाण्या-बजावण्याबद्दल आपल्या घराघरात मतं वेगळी आहेत आणि ती राहणारच. पण ही माणसं आपल्यातली होती, मेहनतीने मोठी झाली, हे मुलांना सांगायला हरकत नसावी. मोबाईलवर श्रद्धांजली पुढे पाठवण्याआधी जन्माचं आणि मृत्यूचं साल एकदा तपासा, एवढंच.

आणि एक गोष्ट. रफीसाहेब गेले तेव्हा हिजरी १४०० चा रमजान सुरू होता. हिजरी साल साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून हिजरी हिशोबाने त्यांची बरसी दरवर्षी मागे सरकते, पण रमजानमध्येच येते. ज्यांना मगफिरतीची दुआ करायची आहे, त्यांना पाटीची गरज नाही.