एचटीएमएल ई-मेलचे नियम: एका तडजोडीचा इतिहास

एचटीएमएल ई-मेल तयार करू लागणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले नियम जुनाट वाटतात. मांडणी तक्त्यांच्या चौकटीत करावी, शैलीच्या सूचना प्रत्येक घटकातच लिहाव्यात, मजकूर चित्रात कोंडू नये. संकेतस्थळांनी तक्त्यांची मांडणी केव्हाच सोडली. ई-मेलमध्ये ती का टिकली, याचे उत्तर इतिहासात सापडते.

१९८२ मध्ये निश्चित झालेली ई-मेलची प्रमाणके सात बिटांच्या ‘आस्की’ संकेतावर आधारलेली होती. त्यातील १२८ चिन्हांत देवनागरी, तमिळ किंवा बंगाली यांना स्थानच नव्हते. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे प्रमाणक मांडले. त्यामुळे अन्य लिप्या, चित्रे आणि ध्वनी पाठवणे शक्य झाले. शिवाय एकाच पत्राची साधी व सजवलेली अशी दोन रूपे एकत्र पाठवण्याची सोयही त्यात होती. ज्याचे यंत्र दुबळे, त्यालाही पत्र वाचता यावे, हा त्यामागील विचार.

एचटीएमएल पत्रे रूढ झाली, तरी ती दाखवणाऱ्या यंत्रणांत एकवाक्यता आली नाही. आउटलुक २००७ने पत्र दाखवण्यासाठी ब्राउझरऐवजी वर्डचे इंजिन वापरले. पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलण्याची सोय जीमेलने २०१६ मध्ये स्वीकारली. या सर्वांत तग धरणारी मांडणी म्हणजे तक्ता!

भारतीय भाषांची अडचण याहून मूलभूत होती. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाणक आले, तरी अनेक फॉन्टांचे संकेत निरनिराळे राहिले. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराची निरर्थक चिन्हे होत. त्यामुळे मजकुराचे चित्र करून पाठवणे सोयीचे ठरले. युनिकोड रुळल्यावर ही गरज संपली; सवय मात्र उरली.

तिची किंमत वाचक मोजतो. परीक्षेचे वेळापत्रक केवळ चित्ररूपात आले, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येईलच असे नाही. चित्रे रोखलेली असतील, तर डोळस विद्यार्थ्यालाही रिकामी चौकट दिसते. म्हणून मजकूर यूटीएफ-८मध्ये असावा, चित्राला पर्यायी वर्णन असावे आणि पत्राचे साधे रूप सोबत जावे. मराठी व हिंदीची लिपी एकच असल्याने भाषेचा संकेतही नोंदवावा, म्हणजे वाचणारा आवाज योग्य भाषेचा निवडला जाईल. वेलांट्या व उकार कापले जाऊ नयेत, इतके अंतर ओळींत ठेवावे.

१९९२ मधील तो विचार आजही या नियमांचा गाभा आहे: सजावट हरवली, तरी निरोप पोहोचला पाहिजे.