अंतर्गत सुरक्षाशास्त्र : महाराष्ट्रातील अध्ययनपरंपरा

अंतर्गत सुरक्षाशास्त्र : देशाच्या सरहद्दीच्या आत नागरिकांचे जीवित, वित्त आणि नित्याचे व्यवहार यांना घातपात, दंगल, अग्निप्रलय, भूकंप, विषारी वायूची गळती किंवा साथीचा फैलाव यांपासून जो धोका संभवतो, त्याची पूर्वकल्पना, प्रतिबंध, निवारण आणि नंतरचे पुनर्वसन यांचा पद्धतशीर विचार करणारी अध्ययनशाखा. पोलीस प्रशासन, सैन्यशास्त्र, न्यायसहायक विज्ञान, स्थापत्य, लोकप्रशासन आणि समाजशास्त्र यांतील ज्ञान तिच्यात एकवटलेले असल्यामुळे ती स्वतंत्र शास्त्र आहे की अनेक शास्त्रांची मोट आहे, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

या शाखेचा विद्यापीठीय प्रसार अमेरिकेत अत्यंत वेगाने झाला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तेथे २००२ साली अंतर्गत सुरक्षेचा कायदा झाला, २००३ साली स्वतंत्र खाते उभे राहिले आणि त्याच वर्षी मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात या विषयाचे वर्ग भरू लागले. त्यामागोमाग अनेक विद्यापीठांनी पदव्या आणि प्रमाणपत्रे काढली. तथापि आपत्तीच्या प्रसंगी माणसांचा समूह प्रत्यक्षात कसा वागतो, याचे शास्त्रशुद्ध संशोधन ओहायो स्टेट विद्यापीठात १९६३ पासूनच चालू होते, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात या विद्येचा उगम २००१ च्या कितीतरी आधी, आणि तोही विद्यापीठाच्या आवाराबाहेर, नागपुरात आढळतो. १९५६ साली रामपूर येथे निघालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ साली नागपुरास आले आणि त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी, नागपूर अद्याप द्विभाषिक मुंबई राज्यात असताना, तेथे आपत्कालीन साहाय्याचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनी नागरी संरक्षणाची निकड सर्वांच्या प्रत्ययास आणून दिल्यावर १९६८ साली नागरी संरक्षण अधिनियम संमत झाला व या संस्थेस राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा अधिनियमही त्याच सालचा. या काळात देशाचे गृहमंत्रिपद यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. ढासळलेल्या इमारतीखालून माणूस जिवंत कसा काढावा, जखमीला दोराच्या साहाय्याने वरच्या मजल्यावरून खाली कसे उतरवावे, चढउतार होत जाणारा भोंगा म्हणजे धोका आणि एका सुरात सलग वाजणारा भोंगा म्हणजे धोका टळल्याची खूण हे सामान्य रहिवाशाच्या अंगवळणी कसे पाडावे, अशा गोष्टींचे येथे दशकानुदशके शिक्षण झाले. पुढे हे महाविद्यालय राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाले. हाताने करावयाच्या कामाला विद्या मानण्यास आपली विद्यापीठे कचरतात आणि म्हणूनच नागपूरच्या या अनुभवसंचयाला दीर्घकाळ पदवीची प्रतिष्ठा लाभली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

याहून मागे जायचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणाकडे जावे लागेल. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांच्यात गडाचा अधिकार वाटून देण्याची जी शिस्त मराठेशाहीत होती, तिच्या मुळाशी एका व्यक्तीच्या फितुरीने संपूर्ण ठाणे गमावू नये हा विचार होता. आजच्या सुरक्षाशास्त्रातही अधिकारविभागणीचे तत्त्व प्राथमिक पाठांत मोडते. देवगिरीच्या किल्ल्यातील खंदक आणि अंधारीचा वळणावळणाचा मार्ग हे तर शत्रूला क्रमाक्रमाने थोपवून थकविण्याच्या कल्पनेचे दगडात कोरलेले रूप आहे.

मराठवाड्यात या विषयाला खऱ्या अर्थाने गांभीर्य आणले ते किल्लारीच्या भूकंपाने. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे क्षणार्धात कोसळली. दख्खनच्या पठाराला स्थिर समजले जात असल्यामुळे तेथे घर बांधताना भूकंपाचा विचार कोणी केलेलाच नव्हता. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर्षानुवर्षे मातीचे थर चढून जड झालेली माळवदे झोपेतल्या माणसांवर आली आणि हजारो जीव गेले. त्यानंतर ५२ गावांचे संपूर्ण पुनर्वसन नव्या जागी झाले, जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबविला गेला आणि जिल्हावार आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे करण्याची तजवीज झाली. भिंतीच्या रचनेपासून निराधार विधवेच्या वारसाहक्कापर्यंत किती प्रश्न एका आपत्तीत गुंतलेले असतात, हे अभियंत्यांना आणि समाजशास्त्रज्ञांना तेथे एकाच वेळी पाहावयास मिळाले. पुण्याच्या यशदा या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत या विषयाचे स्वतंत्र केंद्र चालते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ साली झाल्यानंतर, २००६ साली आपत्ती-अभ्यासाचे केंद्र काढले.

घातपाताच्या बाजूने पाहता, पुणे विद्यापीठातील संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आणि त्याच्याशी संलग्न असे यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे राष्ट्रीय केंद्र यांचा उल्लेख अवश्य करावा लागतो. कारगिल युद्धानंतर केंद्र सरकारने जे कृतिगट नेमले, त्यांपैकी सीमाव्यवस्थापनाचा गट माजी गृहसचिव माधव गोडबोले यांच्याकडे होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. फोर्स वन हे विशेष पथक आणि राज्य सुरक्षा महामंडळ ही त्या काळातील निर्मिती होय.

गंगापूर तालुक्यातील वाळूज या गावी हा सारा विषय एका ठिकाणी पाहता येतो. छत्रपती संभाजीनगराहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या या वसाहतीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचे, औषधांचे, मद्याचे, रसायनांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी क्षणभर थांबले तरी या शास्त्राची सर्व उपकरणे नजरेस पडतात : आवक-जावकेची नोंदवही घेऊन बसलेला रक्षक, संकटकाळी सर्वांनी जमावयाच्या जागेची हिरवी पाटी, आगीच्या पाण्याचा तांबडा नळ, आणि गळती झालीच तर वायू कोणत्या वस्तीकडे जाईल हे दाखविणारी, उंच खांबावर फडफडणारी कापडी वातपिशवी.

या पाट्यांमागे भोपाळचा १९८४ चा अनुभव उभा आहे. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली व १९८९ साली घातक रसायनांविषयीचे नियम आले, ज्यांनुसार फाटकाच्या आतला आपत्कालीन आराखडा कारखानदाराने आणि बाहेरचा जिल्हा प्रशासनाने करावयाचा असतो. कारखाने अधिनियमानुसार हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक होते व त्यासाठी राज्य तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका मान्यता पावलेली आहे. औद्योगिक वसाहतींतून या विद्येचे सर्वांत रुळलेले रूप हेच होय.

परंतु फाटकाबाहेरचा मुलूख अनेक हातांत वाटला गेलेला आहे. वसाहत औद्योगिक महामंडळाची, वाळूज महानगर सिडको या नगरविकास महामंडळाने वसविलेले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, पंढरपूर येथे कामगारांची दाट वस्ती, आणि तेथील कारभार ग्रामपंचायतींचा. अग्निशमन एकाकडे, पोलीस दुसऱ्याकडे, कारखान्यांची तपासणी तिसऱ्याकडे. ९ ऑगस्ट २०१८ रोजी, मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी पुकारलेल्या बंदच्या दिवशी, वसाहतीतील अनेक कारखान्यांची जमावाने मोडतोड केली. २०२० साली करोनाची साथ कामगारवस्त्यांत पसरली, तेव्हा कारखाना चालू ठेवावा की बंद करावा हा प्रश्न आरोग्याचा, रोजगाराचा आणि बंदोबस्ताचा असा तिहेरी होऊन बसला. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे हातमोजे तयार करणाऱ्या एका कारखान्यास आग लागून आत झोपलेले सहा कामगार मृत्युमुखी पडले. कामाची जागा हीच निजण्याची जागा होते तेव्हा आराखड्यातील बाहेर पडण्याचे मार्ग रात्री खुले असतात काय, हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात प्रथम यावयास हवा. या तिन्ही प्रसंगांत धोक्याचे स्वरूप सर्वस्वी भिन्न होते, पण ज्यांनी धावून जावयाचे त्यांत बहुतेक तीच माणसे आणि तीच खाती होती. म्हणूनच घातपात, दंगल, साथ आणि अपघात यांचा अभ्यास वेगवेगळ्या विभागांत कोंडून ठेवणे हे या शास्त्राचे मोठे वैगुण्य मानले पाहिजे.

गुजरातने २००९ साली रक्षाशक्ती विद्यापीठाचा कायदा केला व २०२० साली संसदेने त्यास राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाचा दर्जा दिला. राजस्थानात जोधपूर येथेही पोलीस व सुरक्षाविषयक विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात सामग्री मुबलक असूनही ती विखुरलेली आहे. छत्रपती संभाजीनगरात सैन्याधिकारी घडविण्यासाठी राज्याने १९७७ साली काढलेली सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, १९५८ साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ आहे. मे २०२५ मधील देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीतही या शहराचे नाव होते. जिल्हाधिकारी कचेरी, औद्योगिक महामंडळ, पोलीस ठाणी, अग्निशमन केंद्र आणि ग्रामपंचायती यांची दप्तरे एकत्र मांडून २०१८, २०२० आणि २०२३ या तीन सालांत वाळूज येथे कोणता निरोप कोणाकडून कोणाकडे किती वेळात पोचला याचा क्रमवार वृत्तांत सिद्ध करणे, हे येथील विद्यापीठीय अभ्यासकापुढील पहिले कार्य आहे.