डब्याचा रंग कोणता होता? मॉडेल रेल्वेवाल्यांच्या सकाळच्या गप्पा आणि इतिहासाची साधने

१/
"डबा तांबडाच होता."
"छे! पिवळा होता. मला चांगलं आठवतंय."
दिवाळीच्या सकाळी फराळाच्या ताटावर बसून आमचे आजोबा आणि त्यांची धाकटी बहीण दरवर्षी हा वाद घालतात. विषय एकच: कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे. दोघांनीही तिच्यातून प्रवास केलेला, आणि दोघेही आपापल्या मतावर ठाम. या वादाचे काय करावे, हे मला एका अगदी वेगळ्या मंडळींकडून शिकायला मिळाले. आजचा धागा त्या मंडळींविषयी.

२/
ही मंडळी म्हणजे मॉडेल रेल्वेचे हौशी, विशेषतः ब्रिटनमधील. यांची सकाळ चहाच्या कपाबरोबर अशाच प्रश्नांनी सुरू होते. अमुक इंजिनाच्या टाकीवर रिव्हेटच्या किती ओळी होत्या? तमुक कंपनीचा हिरवा रंग किती गडद? सिग्नलचा हात कोणत्या साली बदलला? यांना थट्टेने 'रिव्हेट मोजणारे' म्हणतात. परंतु मित्रहो, या गप्पा नीट ऐकल्या तर त्यांत साधनचिकित्सेचे धडे सापडतात.

३/
थोडी पार्श्वभूमी. १८९१ साली जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवर धावणारी खेळण्यातील रेल्वे मांडली. माप ठरल्यामुळे यंदा घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी नवा डबा जोडता येऊ लागला. खेळणे एका दिवसाचे न राहता वर्षानुवर्षे वाढणारा संग्रह झाले. छंदाचा पाया येथे पडला.

४/
इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी न्यूरेम्बर्गच्या बिंग कंपनीकडून गाड्या बनवून घेऊन हौशींना विकल्या. १९१० साली लंडनमध्ये 'मॉडेल रेल्वे क्लब' स्थापन झाला आणि गप्पांना हक्काचे छप्पर मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन मालाविषयी रोष होता. त्या वातावरणात 'मेकॅनो'कर्त्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. १९२५ पासून 'मॉडेल रेल्वे न्यूज' हे मासिक निघू लागले.

५/
आता या गप्पांतील सर्वांत जुन्या वादाकडे वळू. ब्रिटनमधील खऱ्या रुळांमधील अंतर ४ फूट ८॥ इंच. तेथील लोकप्रिय 'डबल ओ' पद्धतीत एका फुटासाठी ४ मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रमाण १:७६. या हिशेबाने छोट्या रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर यायला हवे. प्रत्यक्षात ते असते १६.५ मिलिमीटर. म्हणजे गाडी एका मापाची आणि रूळ दुसऱ्या मापाचे.

६/
असे का झाले? युरोपात १६.५ मिलिमीटरच्या रुळांसाठी एका फुटास ३.५ मिलिमीटर हे माप चालत असे. परंतु ब्रिटिश बोगदे आणि पूल अरुंद, म्हणून तेथील इंजिनेही लहान. ती आणखी लहान केल्यावर त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. मग तोडगा निघाला: रूळ तेच ठेवा, वरचे इंजिन थोडे मोठे करा. हिशेब केला तर हे रूळ खऱ्या मापापेक्षा तब्बल ७ इंचांनी अरुंद ठरतात.

७/
काहींना ही तडजोड कधीच पटली नाही. त्यांनी १८ मिलिमीटरच्या आसपासचे आणि पुढे १९६० च्या दशकात थेट १८.८३ मिलिमीटरचे रूळ हाताने घडवले. वाद आजही चालू आहे. मला यात भावते ती गोष्ट वेगळीच. आपली प्रतिकृती वास्तवापासून नेमकी किती आणि का दूर आहे, हे दोन्ही बाजूंना मिलिमीटरमध्ये सांगता येते. आपण लिहिलेल्या इतिहासाबद्दल असे किती जण सांगू शकतील?

८/
पहिला धडा: अधिकृत छायाचित्रही फसवते. नवे इंजिन तयार झाले की अनेक कारखाने त्याला आधी करडा रंग देत, कारण कृष्णधवल छायाचित्रात करड्यावर बारकावे उठून दिसतात. छायाचित्र निघाल्यावर इंजिन खऱ्या रंगात रंगवले जाई. म्हणजे कंपनीच्या संग्रहातील सर्वांत सुस्पष्ट, सर्वांत 'अस्सल' चित्र रंगाच्या बाबतीत निरुपयोगी. साधन कोणत्या हेतूने तयार झाले, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो.

९/
दुसरा धडा: साधनाची स्वतःची दृष्टी असते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नसे आणि निळा फार जाणवे. त्यामुळे लालभडक डबा छायाचित्रात काळपट दिसतो आणि निळा फिकट दिसतो. 'फोटोत काळा आहे, म्हणून काळा होता' असे कोणी नवखा म्हणाला, की अनुभवी हौशी प्रथम विचारतो: काच कोणती होती?

१०/
तिसरा धडा: शब्दावरही विसंबू नये. लंडन-ब्रायटन मार्गाचे विख्यात अभियंते विल्यम स्ट्राउडली यांच्या इंजिनांच्या रंगाचे नाव होते 'सुधारित इंजिन हिरवा'. प्रत्यक्षात तो सोनेरी पिवळा होता! केवळ कागद वाचून रंग लावणारा येथे सपशेल चुकेल. नाव असे का पडले, यावर हौशींच्या किती सकाळी खर्ची पडल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

११/
चौथा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. पाठ्यपुस्तकात त्या दिवशी एक युग संपते. पण त्या दिवशी सकाळी धावलेल्या गाड्यांवर आदल्या दिवशीचीच नावे होती. प्रत्येक इंजिन आपापल्या दुरुस्तीची पाळी आली तेव्हा रंगले. कित्येक महिने एकाच स्थानकात जुनी आणि नवी नावे शेजारी उभी राहत. सत्ता एका दिवसात बदलली. रंग बदलायला वर्षे लागली.

१२/
म्हणून या मंडळींचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: 'कोणते साल?' आणि मुरलेला हौशी त्यापुढे विचारतो: 'साल कळलं, महिना कोणता?' आपण 'पेशवाईत असे होते', 'इंग्रजांच्या काळात तसे होते' असे सहज बोलून जातो. शंभर-दीडशे वर्षे एका शब्दात गुंडाळण्याची ही सवय रिव्हेट मोजणाऱ्यांच्या चहाच्या टेबलावर टिकणार नाही.

१३/
पण हे सारे कशासाठी? त्याचे उत्तर १९६३ मध्ये आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तोट्यातील सुमारे ५,००० मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करावीत, अशी त्याची शिफारस होती. पुढील काही वर्षांत हजारो मैलांचे रूळ उखडले गेले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेच्या नियमित गाड्याही थांबल्या. कालपर्यंत गप्पांचा विषय असलेली छोटी स्थानके दिसेनाशी झाली. अशा वेळी हौशींनी फीत धरून घेतलेली मापे आणि वह्यांतील रेखाटने, हीच कित्येक इमारतींची तपशीलवार नोंद ठरली.

१४/
काहींना हे फार आधी उमगले होते. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून ब्रिटनला आला आणि व्हाइट हॉर्स खोऱ्यातील गावांच्या प्रेमात पडला. गवताने शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत होती. ती वाचवणे त्याच्या हाती नव्हते. मग त्याने त्यांची मापे घेतली आणि १:७६ प्रमाणात पुठ्ठ्यातून ती उभी करण्यास आरंभ केला. त्यातून १९५४ साली ऑक्सफर्डजवळ लाँग विटनम येथे पेंडन संग्रहालयाची सुरुवात झाली. आज तेथे त्या खोऱ्याचे १९३० च्या सुमाराचे रूप पाहता येते.

१५/
आता आपल्या मातीकडे येऊ. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा सुमारे ८ मैलांचा नॅरोगेज मार्ग होता. १९०४ मध्ये सुरू झाला, १९३४ मध्ये बंद पडला. दूध वाहून नेणे हे त्याचे मोठे काम. केवळ तीस वर्षांचे आयुष्य लाभलेला हा मार्ग नॅरोगेजच्या हौशींना विलक्षण प्रिय. कारण त्या हिरव्या दरीत धावणारी गाडी मुळीच इंग्रजी वाटत नसे. तिचे मूळ होते सोलापूर जिल्ह्यात!

१६/
या मार्गाचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८८० च्या दशकात ते जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले होते. पुढे त्यांनी बार्शी लाइट रेल्वे उभारली. रुळांमधील अंतर २॥ फूट. त्यांची युक्ती अशी: इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरत आणि तरीही मोठी इंजिने चालत. गाड्या इकडे येण्यापूर्वी १८९७ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून त्यांची चाचणी घेण्यात आली.

१७/
१८९७ सालीच बार्शीला गाडी पोहोचली; १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. बार्शीचा अनुभव घेऊनच कॅलथ्रॉप यांनी मॅनिफोल्डच्या दरीत तेच २॥ फुटांचे माप नेले. तेथील दोनच इंजिने, दोन्ही लीड्सच्या किटसन कारखान्याची. त्यांपैकी एकाचे नाव 'ई. आर. कॅलथ्रॉप'. दोन्ही पुढे भंगारात गेली. तरी त्यांच्या प्रतिकृती ब्रिटनमधील घराघरांत धावतात, कारण कोणीतरी मापे जपली. (याच कॅलथ्रॉप यांनी पुढे वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. त्यांच्यावर स्वतंत्र धागा लिहीन!)

१८/
आणि डबे? मॅनिफोल्डचे डबे सुरुवातीला फिकट पिवळे होते. पुढे मोठ्या कंपनीने ते आपल्या तांबड्या छटेत रंगवले. त्यामुळे 'पिवळा' म्हणणारा हौशी आणि 'तांबडा' म्हणणारा हौशी दोघेही बरोबर असू शकतात. त्यांच्यात फक्त काही वर्षांचे अंतर असते. हे वाचले त्या क्षणी मला आमच्या घरचे फराळाचे ताट आठवले.

१९/
या छंदाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रतिकृतीत बहुधा उन्हाळ्याची संध्याकाळ असते, फलाटावर दोन-तीन शांत प्रवासी असतात. १९२६ च्या सार्वत्रिक संपात उतरलेले रेल्वे कामगार तेथे क्वचितच दिसतात. हिंदुस्थानात यात्रेच्या गर्दीत माणसांना मालडब्यांतून नेले जाई, त्याबद्दल तक्रारी होत. ती गर्दी कोणी १:७६ प्रमाणात बनवत नाही. मापे अचूक असली तरी काय मोजायचे, ही निवड माणसाचीच असते. हा पाचवा धडा. हौशींनी तो न सांगता शिकवला.

२०/
आपल्याकडेही ही परंपरा आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. पाहिले नसेल तर जरूर पाहा. लहान मुलांना नेण्याचे निमित्त करा आणि स्वतः सिग्नलकडे लक्ष द्या.

२१/
बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. या शतकाच्या सुरुवातीस टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले. २॥ फुटांचे रूळ आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत निघाले. त्यांवरून प्रवास केलेली माणसे आज घराघरांत आहेत. आणखी पंधरा-वीस वर्षांनी त्यांतील किती असतील? दफ्तरखान्यातले कागद थांबतात; माणसे थांबत नाहीत.

२२/
गेल्या दिवाळीला मी वादात पडलो आणि रिव्हेटवाल्यांचा प्रश्न विचारला: "कोणत्या साली बसलात?" आजोबा म्हणाले, "सरकारनं गाडी घ्यायच्या आधी. वडिलांबरोबर आषाढीला गेलो होतो, दहा वर्षांचा असेन." आजी म्हणाली, "माझं लग्न झालं त्या वर्षी. म्हणजे पासष्ट." दोघांच्या प्रवासांत बारा वर्षे आणि एक सत्तांतर! दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. मग आजोबांनी विचारले, "मग तुमच्या वेळी बाकं कशी होती गं?" आणि वादाच्या गप्पा झाल्या. मी वही उघडली.

२३/
तुम्हीही उघडा. घरातल्या वडीलधाऱ्यांना सकाळच्या चहाच्या वेळी गाठा. बंद झालेली गाडी, गिरणी, एसटीचा जुना थांबा, काहीही चालेल. रंग विचारा, बाकांची दिशा विचारा, तिकीट कुठे मिळे ते विचारा. आणि प्रत्येक उत्तरापुढे न विसरता साल लिहा. जमल्यास महिनाही.

(धागा समाप्त. बार्शी लाइटने प्रवास केलेले कोणी तुमच्या घरी असेल, तर डब्याचा रंग आणि साल खाली नक्की लिहा.)